उसनी माती

त्या वर्षी घटस्थापनेला मी माहेरी निघाले, पण मनात देवी नव्हती. बयला, म्हणजे माझ्या आईला, आता शेत सोड आणि पनवेलला आमच्याकडे राहायला ये, असं निक्षून सांगायचं एवढंच ठरवून मी एसटीत बसले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मला भाऊ नाही. दुखरे गुडघे घेऊन बय एकटीच खाडीकाठचं शेत लावत होती. पाऊस कमी झाला तर काळजी, जास्त झाला तर काळजी, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची काळजी. त्या काळजीतला निम्मा वाटा माझ्याकडे यायचा. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला मधेच आठवायचं, आज पौर्णिमा, आता भरती लागली असेल. ती मात्र फोनवर एकच सांगायची, "काठेआई हाय ना. तू कशाला जीव टाकतंस?" त्या वाक्याचा मला राग यायचा. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मुलांना विज्ञान शिकवते. देवासमोर हात जोडायला माझी कधी ना नव्हती, पण एका दगडाच्या भरवशावर समुद्राच्या तोंडाशी शेती करणं मला पटत नव्हतं.

आमचं गाव कसं आहे ते आधी सांगायला हवं. पेण आणि अलिबागच्या मधल्या खारेपाटात आमची वस्ती आहे. पूर्वजांनी खाडीला बांध घातला आणि चिखलातून शेतं काढली. त्या बाहेरच्या बांधाला आम्ही काठा म्हणतो. काठ्याच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडं, गाळ आणि खाडी. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र आपल्याला विसरला असं वाटावं. उधाणाची भरती भरली की मात्र काठ्यावर उभा राहिलेला नवखा माणूस खाली बसूनच घेतो. एकीकडे समुद्र पावलांपर्यंत आलेला असतो आणि दुसरीकडे शेत, विहीर, घरं, अंगणातली तुळस, सगळं त्याच्यापेक्षा खाली असतं. मधे फक्त माती. या मातीला भगदाड पडलं की 'खांड गेली' म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शिरतं, उभं भात करपतं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत दाणा होत नाही. शेजारच्या एका गावाची खांड वेळेत बांधली गेली नाही. आज तिथे तिवरांचं रान आहे. बांध कुठे होता हे दाखवणारं माणूसही उरलेलं नाही.

काठा जिथे खाडीच्या अंगाला वळतो आणि पाण्याचा मारा सगळ्यात जास्त बसतो, तिथे काठेआईचं ठाणं आहे. देऊळ नाही. मातीचं एक मोठं टेकाड आणि त्यावर शेंदूर लावलेला उभा दगड. आमच्या सपाट मुलखात तेवढंच एक उंच ठिकाण, म्हणून गावाच्या दिशा तिच्यावरूनच ठरतात. आमचं शेत आईच्या डावीकडं, शाळा आईच्या पाठी. पाठी अशासाठी की काठेआई गावाकडे बघत नाही, तिचं तोंड समुद्राकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या गाव तिच्या पाठीला नमस्कार करत आलं. ओटी पाठीमागून भरायची, नारळ पाठीमागे फोडायचा. देवी आपल्यावर रुसली आहे का, असं मी लहानपणी विचारलं होतं. तेव्हा बय हसून म्हणाली होती, "राखनदार कवा घराकडं तोंड करून बसतो काय?"

तिला नवस बोलायचा तो मातीचा. मूल झालं, दुखणं हटलं, पोरगं नोकरीला लागलं की आपल्या शेतातली पाटीभर माती डोक्यावरून न्यायची आणि त्या टेकाडावर ओतायची. शिवाय दर घटस्थापनेला घरटी एक पाटी. ते टेकाड असंच वाढत आलं. पावसाने झिजतं, पाट्यांनी भरतं. त्याला कुदळ लावायची नाही. घटात धान्य पेरायलासुद्धा तिथली चिमूटभर माती कुणी उचलत नाही. आईला माती द्यायची, तिच्याकडून घ्यायची नाही, हा नियम मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत आले. मी दिवस भरायच्या आत जन्मले आणि तरीही जगले, म्हणून बयने पाटी टाकली होती. बी.एस्सी. झाले तेव्हाही टाकली होती. त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, अभ्यास मी केला, माती हिला कशाला?

माझ्या शंकेला आणखी एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी धंद्यात पुढे गेलेल्या गावकऱ्यांनी टेकाडावर काँक्रीटचा चौथरा बांधून फरशी घालायचं ठरवलं. मला ते बरं वाटलं, पावसात पाय तरी घसरणार नाहीत. पण आधी कौल घ्यायला हवा. काठेआईच्या पूजेचा मान आमच्या दामूदादाकडे आहे. हा माझा चुलतभाऊ. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो आणि सणाला सोवळं नेसतो. त्याने दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली आणि विचारलं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावं. चौथरा राहून गेला. दगडावरून ओघळणाऱ्या फुलाने गावाचं चांगलं काम अडवलं, असं मी पनवेलला येऊन नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं.

तर त्या दिवशी मी गावात पोचले तेव्हा सगळी माणसं काठ्यावर होती. एरवी दिवसा आमच्या गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्याच दिसतात. तरणी माणसं कुणी बंदरात, कुणी कंपनीत, कुणी गाडीवर. पण घटस्थापनेला उरण, पनवेल, मुंबई, जिथे जो असेल तिथून तो आपल्या घराची पाटी टाकायला येतो. टेकाडाशेजारी काठा जरा रुंद आहे, तिथे मांडव घातला होता. पेणहून आलेले मांडववाले चाचा शेवटच्या दोऱ्या आवळत होते. दामूदादा पूजेला बसला होता. बायका ओटीच्या नव्या साड्या घेऊन ओळीने उभ्या होत्या. आमच्या घरची पाटी बयने आधीच आणली होती, म्हणून मी शेताच्या कडेची मूठभर माती माझ्या रिकाम्या डब्यात घेतली आणि तशीच काठ्यावर चढले. काशीकाकीने ते बरोबर पाहिलं. ही आमची शेजारीण, जिभेला हाड नाही.

"जल्ली मेली, इतकी शिकलीस आनि आईला माती डब्यान आनलीस? वर लोनचा पन हाय काय?"

सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. डबा टेकाडावर रिकामा केला, नमस्कार केला आणि बयला बाजूला घेतलं. आमच्या शेतासमोरच्या काठ्यावर जाऊन आम्ही बसलो. खाली भात निसवून दाणा भरत आला होता आणि लोंब्या वाकायला लागल्या होत्या. मी वाक्यं पाठ करून आले होते.

"बय, औंदाचं भात काढलं की चल माझ्याकडे. शेत कुणाला तरी कसायला देऊ."

बय भाताकडे बघत होती. "शेत कोन पन घेल. काठा कोनाला देऊ?"

तिचं म्हणणं मला कळलं. आमच्याकडे शेताबरोबर काठ्याचा तुकडा वाट्याला येतो. ज्याचं शेत, त्याने समोरचा काठा राखायचा. खेकड्यांची बिळं बुजवायची, खचलेलं भरायचं. कसायला घेणारा भात कापून नेईल, पण भर पावसात काठ्यावर येऊन बिळं कोण चाचपणार? तरी मी बोलत राहिले. गुडघ्यांचं बोलले, डॉक्टरांचं बोलले, नातवाचं बोलले. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचं ते मोठं उधाण होतं. बोलता बोलता आमच्या पाठीमागे खाडी भरत आली होती आणि मला त्याचं भान नव्हतं.

भान काशीकाकीच्या ओरडण्याने आलं. "पानी! काठ्याला पानी लागलां! गो, उठा तिथून!"

आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर, शेताच्या अंगाला, काठ्याच्या पोटातून पाण्याची धार उडत होती. मनगटाएवढी. धार स्वच्छ असती तर इतकी भीती नसती. पण ती गढूळ होती, म्हणजे काठ्याची आतली माती घेऊन येत होती. खेकड्याच्या बिळातून पाण्याला वाट मिळाली होती. माणसं धावत येईपर्यंत धार मांडीएवढी झाली, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत वरची माती आत बसली. काठ्याला दाराएवढी खांड पडली. समुद्र आमच्या शेतात उतरायला लागला. पहिल्या लोटाने बयचं भात आडवं झालं.

पुरुषांनी उड्या टाकल्या. दामूदादा सोवळ्यासकट पाण्यात उतरला. शेतातला चिखल उचलून खांडीत टाकायला लागले, पण तो ओला गाळ पाण्यात साखरेसारखा विरघळत होता. एरवी काठा दुरुस्त करतात तो ओहोटीला, समोरच्या गाळाचे गोळे कापून. आता तो गाळ पाण्याखाली होता. एक पोरगा गोण्या आणायला घराकडे धावला, पण गाव लांब. कुणीतरी जेसीबीसाठी फोन केला, पण काठ्यावरून जेसीबी येणार कसा? मी तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या माणसाने आपुलकीने सगळं ऐकून घेतलं, माणसं पाठवतो म्हणाला, पण त्यांना रस्ता संपल्यावर पुढे चालतच यायचं होतं. आणि भरती अजून चढत होती. खांड दाराची बैलगाडीएवढी झाली. बय काठ्यावर उभी राहून आडव्या भाताकडे बघत होती. एका शेताचं हे नव्हतं. खांड अशीच वाढली असती तर दिवस मावळायच्या आत समुद्र घरांच्या पायऱ्यांशी आला असता.

एवढ्या गडबडीत काशीकाकी दामूदादावर ओरडली, "तुजा तो चालीस टनाचा ट्रेलर कुटं हाय रं आता?"

"न्हाव्याला लायनीत उभा हाय, काकी," तो पाण्यातून म्हणाला. त्या अवस्थेतही दोघंतिघं हसली. आज तो प्रसंग आठवला की पहिलं ते हसणं आठवतं.

पहिली मदत ज्याच्याकडून आली, त्याचा आमच्या गावाशी संबंध एवढाच, की त्याने मांडव घातला होता. चाचांनी कुणाला न विचारता मांडवाच्या दोऱ्या कापल्या. "बांबू घ्या, दादा. मांडव उद्या पन घालता येईल." एकेक बांबू खांडीत ठोकला गेला. त्यांच्या मागे पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पाण्याचा जोर मोडला, पण पाणी थांबलं नाही. बांबूंमागे भरायला घट्ट, कोरडी माती हवी होती. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे पाणी आणि चिखल. कोरडी माती साऱ्या शिवारात एकाच ठिकाणी होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि कुणीही तिचं नाव घेत नव्हतं.

शेवटी एक जण हलक्या आवाजात टेकाडाचं बोलला. दामूदादा पाण्यातूनच गरजला, "आईच्या अंगाला कुदल लावू? माज्या हातान नाय व्हायचां ते."

तेव्हा बय हलली. ती चालत टेकाडापाशी गेली आणि मीही तिच्या मागे गेले. तिने टेकाडाच्या पायथ्याशी गुडघे टेकले, जे गुडघे टेकवत नाहीत म्हणून मी तिला पनवेलला न्यायला आले होते. काठेआईच्या पाठीकडे बघून ती बोलली. शेजारणीच्या दारात वाटी घेऊन जावं, तशा आवाजात बोलली.

"आई, उसनी दे. भात झाला की देताव परत."

दगडाच्या खांद्यांवर सकाळच्या पूजेची फुलं होती. सगळे तिकडे बघत राहिले. मीही बघत होते. लाट काठ्यावर आदळली, पायाखालची माती थरथरली, आणि उजव्या खांद्यावरचं जास्वंद ओघळून खाली आलं. लाटेच्या हादऱ्याने ते पडलं असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. हादरा दोन्ही खांद्यांना बसला होता, एवढंच मी सांगेन. डावं फूल तिथेच होतं.

"कुदल नको," बय म्हणाली. "हातांनी घ्या. जी दिली ती घ्या."

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहणार नाही. आईला माती द्यायला आणलेल्या पाट्या आणि घमेली प्रत्येकाच्या हाताशी होतीच. टेकाडापासून खांडीपर्यंत बायकांची रांग लागली. सुटी माती वाहून जाते हे कळल्यावर काशीकाकीने ओटीची नवीकोरी साडी फाडकन उलगडली, तिच्यात दोन पाट्या ओतल्या आणि गाठ मारली. "आईच्याच साड्या हायत, आईच्याच कामाला जातायत. बघतंस काय, बांध गाठी!" हिरव्या, लाल, पिवळ्या जरीकाठाच्या साड्यांची गाठोडी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. मी टेकाडाजवळ होते, बय माती ओढत होती आणि मी भरत होते. वरचा थर त्याच सकाळचा, ओला. त्याच्या खाली काळी माती, मग राखाडी, मग शिंपल्यांचा चुरा मिसळलेली, मग फुटक्या मडक्याचे तुकडे असलेली. प्रत्येक थर म्हणजे कुणाचं तरी दुखणं, कुणाचं तरी बाळंतपण, कुणाची तरी मध्येच तुटलेली आणि पुन्हा जुळलेली आस. माझ्या नावाची मातीही त्यात असणार. ती कोणती हे कळायला मार्ग नव्हता. ज्या दोन पाट्या मला निरर्थक वाटल्या होत्या, त्या माझ्याच हातांतून खांडीकडे चालल्या होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला मोकळा हात नव्हता.

चौथऱ्याची आठवणही मला तेव्हाच झाली. ही सगळी माती काँक्रीटखाली असती, आणि आम्ही फरशीवर उभं राहून गाव बुडताना पाहिलं असतं.

खांडीच्या समुद्राकडच्या अंगाला गाठोडी लावायला माणसं कमी पडली, तेव्हा मी काठ्यावरून पलीकडे उतरले. छातीएवढं पाणी होतं. एका हाताने बांबू धरून मी गाठोडी घेत होते आणि खाली दाबत होते. एका लाटेनंतर डोळे पुसून वर पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काठेआईचं तोंड मला दिसलं. माती काढल्यामुळे ती आता एका अरुंद मातीच्या खांबावर उभी होती. नाक नव्हतं, डोळे नव्हते. खारं वारं आणि लाटांचे तुषार यांनी तो दगड इतका घासला होता की तो तळहातासारखा गुळगुळीत झाला होता. सगळा शेंदूर पाठीला होता, आमच्या बाजूला. समुद्राच्या बाजूला फक्त झिजलेला, उघडा दगड होता. आम्ही पाठीला हळदकुंकू लावत होतो, त्या सगळ्या वर्षांत पुढून तिच्यावर काय काय येत होतं ते मला तिथे, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून दिसलं. हात जोडायचं सुचलंच नाही. माझ्या हातात गाठोडं होतं, तेच मी घट्ट धरलं.

मग पाणी थांबलं. भरती भरली की ओहोटी लागायच्या आधी खाडी काही क्षण अगदी स्तब्ध होते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या दिवशीची ती शांतता वेगळी वाटली. बांबू करकरायचे थांबले. गाठोड्यांच्या फटींतून झिरपणारं पाणी बारीक झालं, आणखी बारीक झालं. तिवरांच्या पानांवरून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. आणि मग तिवराच्या एका खोडावर बोटभर ओली रेघ दिसली. पाणी उतरायला लागलं होतं. दामूदादा खांडीत उभा राहून लहान मुलासारखा रडला. बयने काठ्यावर बसकण मारली आणि मला म्हणाली, "आता भूक लागली गो."

कचेरीतून आलेली माणसं आणि घरून आलेल्या गोण्या संध्याकाळच्या आत पोचल्या. रात्रीच्या भरतीपूर्वी खांड पक्की झाली. आमच्या शेताचा खांडीसमोरचा तुकडा गेला, तो पिवळा पडला. बाकी गावाचं भात वाचलं. त्या रात्री घरोघरी घट बसले, थोडे उशिरा.

भात कापून, झोडून झाल्यावर मार्गशीर्षातल्या एका सकाळी उसनं फेडायला सगळे जमलो. आता टेकाडाच्या जागी तो एक खांब आणि त्यावर आई, एवढंच होतं. बयने शेतातली पहिली पाटी टाकली. दामूदादाने ट्रेलरमधून आणलेली एक पिशवी उघडली. न्हावा शेव्याला गाडी लायनीत लागते तिथली लाल मुरमाड माती होती. तो म्हणाला, वर्षातले जास्त दिवस मी तिथेच झोपतो, माझं शेत तेच. मी शाळेच्या मैदानातली माती नेली होती. पेणहून चाचाही आले होते, त्यांच्या दारची घेऊन. एका वडीलधाऱ्या माणसाने हरकत घेतली, की आईला आपल्या शेतातली माती द्यायची असते, ही कुठली कुठली आणलीत? काशीकाकी उसळली, "आईनं देताना कोनाची कोनाला, बघितलां काय? मंग तुमी कशाला बघताव?" काळ्या मातीवर लाल माती पडली, लालवर पिवळी.

मी अजूनही विज्ञान शिकवते. खेकडा बीळ कसं करतो, चंद्रामुळे भरती का येते, हे सगळं मुलांना सांगते आणि ते सगळं खरंच आहे. त्या दिवशी समुद्राने आपला मार्ग सोडला नाही, आईने त्याला हात दाखवून थांबवलं नाही. पण सगळ्यात मोठ्या उधाणाच्या दिवशी, पाण्याचा सगळ्यात जास्त जोर असलेल्या ठिकाणी, साऱ्या गावाला हातात रिकाम्या पाट्या देऊन कुणीतरी उभं केलं होतं. हा दिवस आणि ही जागा कुणी ठरवली हे गावात कुणालाच माहीत नाही. मलाही माहीत करून घ्यायची घाई नाही. मला एवढंच उमगलं की आपण देवीला जे देतो ते गेलं असं समजतो, आणि ते तर फक्त आपल्या हातातून निघून तिच्याकडे ठेव म्हणून गेलेलं असतं. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मी समजत होते. बयने गुडघे टेकून मागितलं आणि लगेच मातीत हात घातला. त्या दोन्हींच्या मधे तिने क्षणाचंही अंतर ठेवलं नाही. शरण जाणं कसं असतं ते मी तिथे शिकले, आणि त्या शिकवणीबद्दल मी तिची आणि काठेआईची दोघींची ऋणी आहे.

बयला पनवेलला ये असं मी पुन्हा म्हटलं नाही. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी मीच पहिली एसटी पकडते. आमच्या वाट्याचा काठा अनवाणी चालून बघते. कुठे पाय दबतो, कुठे ओल लागते, कुठे बीळ आहे ते तळव्यांना कळायला लागलंय. मागच्या पौर्णिमेला एक बीळ सापडलं. गाळाचा गोळा त्यात कोंबला, टाचेने दाबून घट्ट केला आणि भरती भरेपर्यंत तिथेच बसून राहिले. पाणी वर आलं, काठ्याला लागलं, आणि परत गेलं. समुद्र त्याच्या जागी होता, काठेआई तिच्या जागी होती, आणि मी, इतक्या वर्षांनी, माझ्या.